नावं मी घातली होती

ट्रक सकाळी आठच्या सुमाराला दुकानापुढं लागला तेव्हा निम्मं गाव तिथं जमलं होतं. माणसं आम्हाला निरोप द्यायला आलीत असं मला वाटलं, आणि पुढं पुष्कळ वर्षं मी लोकांना ते तसंच सांगत आले. खरं म्हणजे बहुतेक जण आपापलं भांडं ट्रकमध्ये नीट चढतंय का ते बघायला आले होते. माझे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळेच अप्पा म्हणायचे, ट्रकच्या फाळक्याजवळ उभं राहून एकेक भांडं हातात घेत होते. आत ठेवायच्या आधी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचत होते. नाव वाचलं की गर्दीतलं कुणीतरी मान हलवायचं, आणि मग घागर, परात, हंडा, जे असेल ते गोणपाटात गुंडाळून आत जायचं. ती नावं मी घातली होती. त्या आठवड्यात छिन्नी धरून माझ्या अंगठ्याला फोड आला होता, आणि अप्पा नावं वाचताना कुठंही अडखळत नव्हते याचा मला फार अभिमान वाटत होता.

सगळ्यात शेवटी पारूमावशी आली. ती आमच्या नात्यातली नव्हे. आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर होतं आणि मी तिला लहानपणापासून मावशी म्हणत होते. तिची घागर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली होती. तिनं ती अप्पांकडं दिली नाही, माझ्या हातात दिली.

"नंदे, ध्यान ठिव गं हिच्यावर," म्हणाली.

मी हो म्हणाले. ट्रक निघाला, मी मागं वळून हात हलवला. मावशीनंही हलवला.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. जे गावातच राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे उठून निजामाबाद, हैदराबाद, पुण्याकडं गेलात त्यांच्यासाठीही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना यातलं माझ्या आधीपासून माहीत आहे. मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव उदगीरहून देगलूरकडं जाताना थोडं आतल्या बाजूला आहे. तिथली माणसं मराठी बोलता बोलता सहज कानडीत शिरतात आणि भांडण पेटलं की त्यांना तेलुगूही आठवतं. आम्ही लिंगायत, आईला अव्वा म्हणणारे. अप्पांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांमधल्या लग्नाची भांडी आमच्याकडूनच जायची, आणि भांडं विकलं की त्यावर नाव घालून द्यायची रीत होती. पूर्वी हे काम करायला उदगीरहून एक म्हातारा कारागीर यायचा. त्याला दिसेनासं झालं आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ती छिन्नी माझ्याकडं आली. ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर काढायचं. हात जरा जोरात पडला तर पत्र्याला भोक पडतं, हलका पडला तर दोन वर्षांत घासून नाव पुसतं. तो मधला अंदाज मला पंधराव्या वर्षी आला होता, आणि आज मी जे काही करते ते सगळं त्याच अंदाजावर चालतं.

बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. भांड्यावर तर त्याचंच नाव हवं असायचं. मग त्या बरोबर शेजारणीला घेऊन यायच्या, ती नाव सांगायची. पारूमावशीनं पहिल्या बऱ्या पिकावर घागर घेतली तेव्हा ती तोंडाला पदर लावून बाजूला उभी राहिली होती आणि शेजारणीनं नाव सांगितलं होतं. ग्यानोबा राणबा. नाव घालून झाल्यावर मावशीनं त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पुढं तिच्या घरी गेलं की कधीमधी तसंच बोट फिरवताना ती दिसायची. ग्यानोबामामा म्हणजे अगदी साधा, अबोल माणूस. त्याचा ना फोटो होता, ना कुठल्या कागदावर सही. शेतसुद्धा थोरल्या भावाच्या नावावर.

दुष्काळाच्या वर्षांत या नावांची खरी किंमत कळायची. बहात्तरचा दुष्काळ मला पुसट आठवतो, तो अव्वाच्या तोंडून जास्त. मला आठवतो तो त्यानंतरचा, लातूर जिल्हा झाला त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांनी पडलेला. टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा. मग बायका पारापाशी आपापलं भांडं ओळीत ठेवून कामाला निघून जायच्या. भांड्यावर नाव आहे म्हणजे ती बाई ओळीत उभी आहे, असं धरलं जायचं. एरवी शेजारच्याचा बांध कोरणारा माणूसही ओळीतलं नाव घातलेलं भांडं पुढंमागं सरकवायचा नाही. आमच्या गावात इतका विश्वास दुसऱ्या कशावर ठेवलेला मी पाहिला नाही. अप्पांनी हात घातला तो नेमका त्याच विश्वासात.

जिल्हा झाला तसं अप्पांच्या मनानं लातूर घेतलं. आधी कोर्टकचेरीच्या प्रत्येक कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कलेक्टर लातुरात बसणार, कचेऱ्या येणार, शाळा-कॉलेजं निघणार, दुकानं वाढणार. गावात मात्र विहिरी आटल्या होत्या. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं आणि घरं बंद होऊ लागली. कुणी निजामाबादकडं खडी फोडायला, कुणी पुण्याला बांधकामावर. जाताना डोक्यावर नेऊन नेऊन किती नेणार? जड पितळ घरात ठेवावं तर कुलूप तोडायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा अप्पा म्हणाले, माझ्याकडं द्या. लातुरात पक्कं गोदाम घेतलंय, तिथं ठेवतो, परत आलात की घेऊन जा.

"नाव हाय म्हनल्यावर भ्या कशाचं?" असं ते प्रत्येकाला म्हणायचे.

म्हणून ज्या भांड्यांवर नाव नव्हतं त्यांच्यावर मी नवं घातलं, ज्यांच्यावर पुसट झालं होतं त्यांच्यावर पुन्हा घातलं. साठेक भांडी असतील. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही.

लातुरात आम्ही दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला लागलो. खाली अप्पांनी स्टीलचं दुकान थाटलं. तेव्हा स्टीलचं वेड नवं होतं. लोक घरातलं पितळ आणून द्यायचे आणि त्याच्या मोडीच्या बदल्यात चकचकीत डबे घेऊन जायचे. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको. अव्वा मात्र शेवटपर्यंत म्हणायची की स्टीलच्या तांब्यातलं पाणी पिऊन तहान भागत नाही. पाणी तिथंही टँकरचंच होतं, फक्त ओळीत आता प्लास्टिकच्या घागरी असायच्या, सगळ्या एकसारख्या आणि कुणाचंच नाव नसलेल्या, त्यामुळं रोज भांडण.

एका दुपारी मी वर अभ्यास करत होते. खाली दुकानात गावाकडची बोली ऐकू आली, बाईचा आवाज, मग अप्पांचा. मी उठून जिन्यापर्यंत गेले, तोवर अप्पाच वर आले. गावाकडची माणसं आली होती, चहा पाजून पाठवली, म्हणाले. मी विचारलं, भांडी न्यायला आली होती का? तर म्हणाले, "हाव, नेली ज्याची त्यानं." मला बरं वाटलं. माणसं परत येऊ लागली, कुठंतरी पाऊस झाला असेल, असा विचार केला आणि पुस्तक पुढं ओढलं.

पुढं मी औरंगाबादला चित्रकला शिकायला गेले, तिथून बडोद्याला शिल्पकला. अप्पांनी कधी नाही म्हटलं नाही. नातेवाईक म्हणायचे, पोरीला हातोडा घेऊन कुठं धाडता, लग्न करून द्या. अप्पा हसून सोडून द्यायचे. वर्गातल्या मुलींचे बाप खर्चाच्या नावानं कुरकुर करायचे आणि मी सगळ्यांना सांगायची की माझे वडील वेगळे आहेत. हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

बडोद्यात मी राहिले ती राहिलेच. आता तिथं माझा शेड आहे. आर्गन वेल्डिंगचं मशीन आहे, दोन ग्राइंडर आहेत, आणि भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करताना मधेच तोंडातून होच्या जागी 'हाव' निघतं तेव्हा तो हसतो. किल्लारीच्या भूकंपानंतर मी तिकडच्या तात्पुरत्या शेडांचे वाकलेले पत्रे आणून काही कामं केली. ती बरी झाली, लोकांनी पाहिली. पण तो दुसऱ्यांचा घाव होता. मला सारखं वाटायचं की माझ्या स्वतःच्या गावच्या जाण्याबद्दल काहीतरी करावं. आणि ते करायचं ठरवलं तेव्हा मला त्या ट्रकखेरीज दुसरं काही दिसेना.

तीन वर्षं त्या कामात गेली. पितळी पत्रा ठोकून मी साठ भांडी घडवली, आठवतील तशी. नावं मला पाठ होती, डोक्यात नव्हे, मनगटात. छिन्नी हातात धरली की एकामागून एक यायची. या वेळी मी ठिपके मुद्दाम आरपार पाडले. प्रत्येक भांडं तारेनं छताला टांगलं आणि आत बल्ब सोडला. खोली अंधारी केली की नावं भिंतींवर उमटायची, आणि मधून चालणाऱ्या माणसाच्या अंगावरही. मुंबईत, दिल्लीत लोक त्यातून हळू हळू चालायचे, आपल्या सदऱ्यावर कुण्या किसनचं, कुण्या शेख बाबूचं नाव बघून थबकायचे. दाराशी एक पाटी होती, मजकूर माझाच. त्यात मी लिहिलं होतं की दुष्काळात गाव सोडून पांगलेल्या या माणसांनी आपली नावं घातलेली भांडी मागाहून बरोबर नेली, आणि जिथं जिथं ती गेली तिथं तिथं गाव थोडंथोडं पोचलं. पाटीचं फार कौतुक झालं. मला स्वतःलाच ती वाचताना भरून यायचं.

हे काम लातूरला दाखवायचंच असा माझा हट्ट होता. एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम भाड्यानं मिळालं. मी गावात निरोप धाडले, नांदेडकडच्या उमरीला गेलेल्या एका कुटुंबालाही शोधून काढलं, गावाहून यायला जीप ठरवून दिली. तुम्ही आलात. अप्पा तेव्हा ऐंशीच्या पुढं होते, आणि गुडघ्यांचं कारण सांगून ते आले नाहीत. माझा धाकटा भाऊ मल्लू उद्घाटनाला येऊन लगेच निघून गेला. दुकानात गर्दी आहे म्हणाला. मला तेव्हाही काही खटकलं नाही. चाळीस वर्षं धातूचा आवाज ऐकून तो कुठं पोकळ आहे ते मी सांगू शकते, पण घरातल्या माणसांचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पारूमावशी सुनेबरोबर आली. दाराशी राखण करणाऱ्या माणसानं सहज विचारलं, आजी, कुणाचं भांडं बघायचं? मी पुढं झाले, कारण मला वाटलं सून सांगेल. पण मावशीच बोलली. पदर सावरला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "ग्यानोबा राणबाची घागर कुठाय?"

सुनेनं तिच्याकडं वळून पाहिलं. तिनं सासूच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. ग्यानोबामामा गाव सोडल्यावर दुसऱ्याच वर्षी खडीच्या मशीनवर अपघातात गेला, हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. मी मावशीचा हात धरून तिला त्या घागरीपाशी नेलं. खरं सांगायचं तर चालताना मी बघत होते की कुणी फोटो काढतंय का.

तिनं घागरीच्या गळ्याखाली हात घातला, सगळीकडून चाचपलं. तिची घागर एकदा विहिरीत पडली होती आणि गळ्याखाली पोचा आला होता, हे मी विसरून गेले होते.

"ही न्हाई," ती म्हणाली.

मी सांगितलं, मावशी, ही मी नवी केलीय. आठवण म्हणून.

तिनं बोट एका ठिपक्यावर ठेवलं. आतला उजेड तिच्या नखावर पडला. "भोकं हायेत की सगळी. हिच्यात पानी कसं ऱ्हाईल?"

आजूबाजूची दोन-तीन माणसं हसली. मीही हसले. मग तिनं विचारलं, "जुनी कुठाय?"

मी म्हणाले, तुम्ही नेली ना परत.

मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागावली नव्हती. मला माहीत नाही हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं असावं, आणि तिला माझी कीव आली असावी. ती तिथंच एका खोक्यावर बसली आणि हळू आवाजात सांगितलं. ग्यानोबा गेल्यावर ती दोनदा लातूरला आली होती. पहिल्यांदा अप्पा म्हणाले, गोदामाची किल्ली नाही, पुढच्या महिन्यात या. दुसऱ्यांदा ती आली, तेव्हा म्हणाले, कसली घागर?

"तुला हाक मारली मी खालून," मावशी म्हणाली. "तू वर हुतीस."

तीच ती दुपार. तोच आवाज मी ऐकला होता. मी जिन्यापर्यंत गेले होते आणि अप्पांच्या एका वाक्यावर परत फिरले होते. त्या संध्याकाळी मी तुमच्यातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणालाच भांडं परत मिळालं नव्हतं. काहींनी तर विचारायलाही जायचं सोडून दिलं होतं. मला वाटलं होतं मी तुमचं जाणं लोकांना दाखवते आहे. तुम्ही मात्र आपापलं नाव असलेल्या पण आपल्या नसलेल्या भांड्याखाली उभे होता, आणि दाराशी माझी ती पाटी होती. मी जाऊन ती काढली.

मल्लूच्या घरी पोचले तेव्हा अप्पांचं जेवण चाललं होतं. मी ते संपेपर्यंत थांबले. मग विचारलं. ते नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं, पण ते नाही म्हणाले नाहीत.

लातुरात आल्यावर पहिल्या महिन्यातच सगळी भांडी मोडीत गेली होती, नांदेडच्या एका भट्टीत. म्हणजे मावशी पहिल्यांदा आली आणि किल्ली नाही म्हणून परत गेली, तेव्हा आत काहीच नव्हतं. ट्रकवर नावं मोठ्यानं वाचताना त्यांच्या मनात काय होतं, हे मी विचारलं. ते म्हणाले, तेव्हा खरंच ठेवायचा विचार होता. मग दुकान लावायला भांडवल कमी पडलं. आणि एवढ्या दुष्काळात गेलेली माणसं परत येतील असं वाटलं नाही.

"आली होती," मी म्हणाले.

अप्पांनी ताटात हात धुतले. मग म्हणाले, "मी एकट्यानं खाल्लं न्हाई, नंदा. दुकान उभं ऱ्हायलं. तुझं कॉलेज झालं."

मला आजही कळत नाही की हे ते स्वतःच्या बचावासाठी बोलले की मला दुखवायला. दोन्ही असेल. मल्लू दारात उभा होता. त्याला सगळं माहीत होतं, दुकानात बसायला लागल्यापासून माहीत होतं. मी त्याच्यावर ओरडले तेव्हा तो म्हणाला, तुला सांगून काय होणार होतं, तू तिकडं मूर्ती करत होतीस. त्याचंही खोटं नव्हतं. मला ज्यानं खरंच फसवलं तो माणूस समोर ताटावर बसला होता, आणि त्याच्याच हातांनी मला पहिली छिन्नी दिली होती. माझा राग कुठं ठेवू ते मला कळेना. मी त्याच रात्री निघाले.

परत बडोद्याला आल्यावर मला शेडमध्ये जाववेना. एका मोठ्या हॉटेलनं त्यांच्या दालनात टांगायला ते सगळं काम मागितलं. मी नाही म्हणाले, तर त्यांचा माणूस म्हणाला, मॅडम, आता तर या मागं अजून चांगली स्टोरी आहे. मी फोन ठेवला. मग मी बिनभोकाची, पाणी धरणारी भांडी घडवून घेतली, त्यांच्यावर नावं घातली आणि ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना पाठवली. काहींनी ठेवून घेतली. उमरीच्या कुटुंबातल्या मुलानं कळवलं की आम्ही आता फिल्टरचं पाणी पितो ताई, पण दिसायला छान आहे. पारूमावशीनं घागर परत पाठवली. चिठ्ठी सुनेनं लिहिली होती, की आईंना ही त्यांची वाटत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

अप्पा आठ महिन्यांनी गेले. मधल्या काळात आम्ही एकदाही बोललो नाही. मी मातीला गेले. आमच्या रितीनं त्यांना खड्ड्यात बसवलं, विभूती लावली, मी माती टाकली आणि रडले नाही. रडू गाडीत आलं, लातूरच्या पुढं, आणि मग थांबेचना. मला वडील हवे होते. अजूनही हवे आहेत, तेच, दुसरे नाहीत.

पहिल्या पुण्यतिथीच्या वेळी मल्लूचा फोन आला. गावच्या मठाला दासोहासाठी मोठं पितळी पातेलं द्यायचं त्यानं ठरवलं होतं, अप्पांच्या नावानं. दासोह म्हणजे आमच्यात मठात सगळ्या गावाला जेवण असतं ते. पातेलं घेऊन झालं होतं. नाव मात्र त्याला मशीननं घालायचं नव्हतं.

"तूच घाल," तो म्हणाला. "अप्पांना तेच आवडलं असतं."

मी दोन दिवस त्याला शिव्या दिल्या, मनात. ज्या गावची सगळी नावं ज्या माणसानं वितळवली, त्याच गावात त्याचं नाव चकचकीत पातेल्यावर? तिसऱ्या दिवशी छिन्नी पिशवीत टाकली आणि गाडीचं तिकीट काढलं. नकार द्यायचा तर तो गावात, सगळ्यांच्या समोर द्यायचा, असं मी ठरवलं होतं. माझ्या स्वभावात असा तमाशा आहे, तो अप्पांकडूनच आलाय.

पातेलं टेम्पोतून उतरवून मठाच्या अंगणात पालथं घातलं होतं. तुमच्यातले बरेच जण होते. मी आले तरी कुणी तिथून हललं नाही. मल्लू टेम्पोजवळ मोबाईल बघत उभा होता. मी पातेल्याशी मांडी घालून बसले, छिन्नी काढली, आणि मला ना नाव घालता येईना ना उठता येईना. केलेलं सगळं भाषण विसरले. समोर ओट्यावर पारूमावशी पत्रावळी पुसत बसली होती. मी तिलाच म्हणाले, "मावशी, माझा हात धजत नाही."

तिनं हातातली पत्रावळ खाली ठेवली. "काय करलालीस गं इतका येळ? घाल की नाव," म्हणाली. "कुनी नेलं ते तरी लेकराबाळांना कळंल."

मल्लूनं मोबाईल खिशात ठेवला आणि तो खाली बघत राहिला. मी पहिला ठिपका मारला.

मी त्यांचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. ठिपके खोल मारले, घासून पुसले जाणार नाहीत इतके. माझ्या हाताखालून गेलेलं ते सगळ्यात नीट नाव असेल. कैलासवासी घालू का असं पुजाऱ्यानं विचारलं, मी नको म्हणाले. स्मरणार्थ हा शब्दही घातला नाही. मग दोन माणसांनी पातेलं उचलून धुतलं आणि चुलीवर चढवलं, कारण हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, उशीर होत होता.

बडोद्यात कुणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी आजवर लातूर सांगायची. सोयीचं होतं, लोकांना ऐकून माहीत असतं. लातूरचं ते घर तुमच्या भांड्यांवर उभं राहिलं आणि त्यानं मला शिकवलं, आणि या दोन गोष्टी मला आता वेगळ्या करता येत नाहीत. त्या घराला मी घर म्हणणं सोडलं आहे. आता मी गावाचं नाव सांगते. तिथं माझ्या मालकीची हातभरही जमीन नाही. पण मी कुणाची मुलगी आहे आणि त्यानं काय केलं हे तिथं सगळ्यांना माहीत आहे, मला काही लपवायचं नाही आणि काही सजवून सांगायचं नाही. तुम्ही त्याला माफ केलंत असं मी समजत नाही. मीही केलेलं नाही. त्या दुपारी मात्र पंगत बसली तेव्हा मी बाजूला उभी होते, आणि मला बस म्हणावं की नाही हे सगळे एकमेकांकडं बघून ठरवत होते. पारूमावशी वाढत वाढत आली, एक पान रिकामं होतं त्यावर हुग्गी वाढली, माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या पानाकडं गेली. मी त्या पानावर जाऊन बसले.